विठाची पुळण

विठाने पहिल्याच दिवशी मला काकडी विकायला नकार दिला होता.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला नवीनच राहायला आलो होतो. माझे यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, मुलं लहान होती, आणि इमारतीच्या समोर अजून भाताची खाचरं होती. सकाळी एक सावळी, काटक बाई डोक्यावर पाटी घेऊन जिना चढून आली. पाटीवर ओलं गोणपाट होतं आणि त्याखाली आखूड, फिकट हिरव्या काकड्या. मी म्हटलं, "दे चार. कोशिंबीर करते."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. "कोशिंबिरीला बाजारातली घ्या, बाय. ही पुळनीवरची हाय. हिला मीठ लावायचा नाय, दही घालायचा नाय. नुसती खायाची."

"मी विकत घेतल्यावर काय करायचं ते मी ठरवीन ना?"

"मंग नका घेऊ," ती म्हणाली आणि पाटी उचलायला वाकली.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथल्या थोरल्या सिस्टर असंच बोलायच्या, आवाज न चढवता. त्या सुरापुढे माझं कधी काही चाललं नाही. मी नुसती खाण्याचं कबूल केलं. विठाने एक काकडी तिथल्या तिथे मधोमध मोडली. त्या वासाने धाकटा मुलगा अभ्यास टाकून बाहेर आला. ती चव आजही माझ्या तोंडात आहे. माठातल्या पाण्याला थोडं दूध लागलं असतं तर कदाचित तशी लागली असती. त्यानंतर आमच्या घरात विठाच्या काकडीची कोशिंबीर कधी झाली नाही.

बदलापूरच्या पलीकडे उल्हास नदीला एक लहान नदी येऊन मिळते. तिच्या वळणावर विठाचं गाव. पावसाळा सरला की ती नदी हळूहळू मागे जायची आणि वळणाच्या आतल्या अंगाला रेतीचा रुंद पट्टा उघडा पडायचा. तीच पुळण. दिवाळी झाली की नदीकाठच्या घरच्या बायका निरगुडीच्या काठ्या रोवून तिच्यावर आपापल्या पट्ट्या आखायच्या. त्याला कागद नव्हता. सासूची पट्टी सुनेकडे यायची, पुरुषांना त्यात विचारत नसत. रेतीत हातभर खड्डा केला की खाली ओल लागायची. त्या ओलीत शेणखत घालून बी टाकायचं. पहिली ओळ अगदी पाण्याच्या कडेला, मग पाणी मागे सरकेल तशी पुढची ओळ. विठाच्या सासूने तिला एवढंच शिकवलं होतं की दिवाळीनंतर नदी मागे जाते, पुढे येत नाही.

बीसुद्धा सासूचंच होतं, आणि तिच्या सासूचं. एका वाळलेल्या भोपळ्यात, राखेत घोळून, चुलीवरच्या आढ्याला ते टांगलेलं असायचं. आमच्याकडच्या दमट हवेत बी फार टिकत नाही. विठा म्हणायची, तीन उन्हाळे गेले की त्याचा डोळा मिटतो. म्हणून दरवर्षी थोडं तरी पेरायचंच. पेरण्याआधी ते भिजवून, फडक्यात बांधून ती लुगड्याच्या ओच्यात खोवायची. अंगाच्या उबेने त्याला मोड यायचा. ते दोन दिवस ती वाकायची नाही, विहिरीवर जायची नाही. बायका चिडवायच्या, "विठे, कितवा महिना?"

ती चेष्टा तिला खरं तर लागत असणार. तिला मूल झालं नाही. नवरा शिवराम वीटभट्टीवर कामाला असायचा, तो तापाने लवकर गेला. दीर कोंडाजी शेजारीच राहायचा, पण त्याचा संसार वेगळा. विठाच्या स्वतःच्या म्हणाव्या अशा दोनच गोष्टी होत्या, पुळणीची पट्टी आणि भोपळ्यातलं बी.

एका मार्चमध्ये तिने आम्हा सगळ्यांना पुळणीवर बोलावलं. ह्यांनी फॅक्टरीतून सुट्टी घेतली. फॅक्टरीत इस्त्रीच्या घडीला जपणारा माणूस त्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मुलांबरोबर रेतीत खड्डे खणत बसला. खड्ड्यात आपोआप पाणी झिरपून यायचं, आधी गढूळ, मग काचेसारखं. मुलं ते ओंजळीने प्यायली. वेलांखालून काकड्या शोधायच्या, मोडायच्या, खायच्या. परत निघताना विठाने पहिल्या तोडणीची काकडी नदीत कुठे सोडते ते दाखवलं. "पहिली तिची," ती म्हणाली. ह्यांनी विचारलं, "आणि ती मीठ लावून खात असेल तर?" विठा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या तारखेखाली डायरीत मी फक्त लिहिलंय: मुलांच्या खिशातून रेती निघते आहे.

माघापासून वैशाखापर्यंत काकडी, ज्येष्ठात जांभळं, थंडीत वालाच्या शेंगा. पाटीत काय येतं त्यावरून मला महिने कळायचे. एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेली. तिथल्या सिंधी बायकांनी तिच्याकडे कमळकाकडी मागितली. परतीच्या वाटेवर ती आमच्याकडे थांबली ती फणफणतच. "चिखलातला दांडा खातात आनि त्याला काकडी म्हनतात! माझीला म्हनाल्या, ही नको, साधी हाय." पण भरली पाटी तिने परत नेली नाही. एका सिंधी शिंपिणीला थोड्या काकड्या फुकट देऊन आली होती. "तिनं मीठ मागितला नाय," एवढंच कारण सांगितलं.

दोन हजार सालानंतर आमच्या समोरची खाचरं गेली. अंबरनाथ, बदलापूर, दोन्हीकडे इमारतींमागून इमारती उठत होत्या, आणि इमारतीला रेती लागते. विठाच्या नदीवर ठेकेदाराचे डंपर उतरले. आधी वरच्या अंगाला, मग वळणावर. रेती गेली, तिच्याखालचा गोटा गेला, आणि जिथे पुळण होती तिथे मोठमोठे खड्डे राहिले. नदीचं पाणी त्या खड्ड्यांत जिरायचं, गावापर्यंत पोचायचंच नाही. नदीकाठची पिण्याची विहीर खाली गेली. गुरं चिखलात तोंड घालून उभी राहायची.

हे त्याच सुमारास गेले. विठा भेटायला आली तेव्हा तिच्या हातात पाटी नव्हती. माझ्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "साहेबांना द्यायला काकडी पन नाय ह्या सालाला." मी रडले ती तेव्हा. पण तिला काय झालंय हेही मला तेव्हाच कळलं. त्या वर्षी बी पेरलं गेलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या बायका डंपरच्या वाटेवर जाऊन बसल्या. विठा पुढे होती. तहसीलचे साहेब आले, पाहणी झाली, आणि शेवटी असं ठरलं की ठेकेदाराने गावाच्या नदीतून रेती काढणं थांबवावं आणि तिचं गेलेलं पाणी परत भरून द्यावं. टेकडीपलीकडे त्याचीच जुनी दगडखाण होती. तिच्यात पावसाचं पाणी साठून तळं झालं होतं. ते पाणी पंपाने उचलून पाइपातून गावाच्या वरच्या अंगाला नदीत सोडायचं, आणि खालच्या अंगाला रेतीच्या गोण्या रचून ते अडवायचं. पावसाळ्यानंतर नदी आटायला लागली की पंप सुरू होणार होता. पंपावर गावचाच माणूस हवा म्हणून कोंडाजीला ठेवलं. विठा मला म्हणाली, "नदी आता आमच्या भावजींच्या हातात. कळ दाबली की येनार, कळ दाबली की जानार."

ती थट्टा होती, पण तिच्या डोळ्यांत आशा होती. पाणी परत येणार म्हणजे ओल परत येणार. वळणाच्या टोकाला ओढणीएवढी पुळण डंपरच्या चाकाखालून वाचली होती. दिवाळी झाल्यावर तिने तिथे निरगुडीच्या काठ्या रोवल्या. बाकी कोणीच आलं नाही. बायकांनी पुळणीचा नाद सोडला होता. तिने अर्धं बी भिजवलं, दोन दिवस कमरेला बाळगलं, आणि सासूने शिकवलं होतं तसंच पहिली ओळ पाण्याच्या कडेला टाकली. बी उगवलं. मला येऊन सांगताना तिने दोन बोटं वर करून दाखवली, दोन पानं फुटलीत म्हणून.

डिसेंबर २००३ मध्ये पंप सुरू झाला. विठाने मला आग्रहाने बोलावलं होतं. मी रिक्षाने बदलापूरला गेले आणि पुढे गावच्या टमटममधून. पाइपाचं तोंड नदीकाठच्या एका खडकावर आणून ठेवलं होतं. त्याला आंब्याची डहाळी बांधली होती. बायका जमल्या होत्या, शाळेची पोरं होती. कोंडाजी नवा शर्ट घालून पंपाच्या शेडकडे गेला. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, नदी येतेय तर ओटी भरायला हवी. आता ओटी कोणाची भरायची? नदी अजून आली नव्हती. मग पाइपाचीच भरायची ठरली. मान गावातल्या थोरल्या बाईचा, म्हणून विठाचा; ती विधवा म्हणून त्या दिवशी कोणी अडवलं नाही. कोंडाजीची सून शीला ताट धरून उभी होती. शीला बदलापुरात मोबाइलच्या दुकानात काम करायची. ती हसू दाबत म्हणाली, "काकी, पाइपला ब्लाउजपीस किधर ठेवू?"

"गप. आई हाय ती."

"आई नाय काकी, चार इंची आहे."

विठाने पाइपाच्या लोखंडी कडेवर हळदकुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण ठेवला. मग पाइप खोकला, हवेचा मोठा फुसकारा आला, खण उडून शीलाच्या तोंडावर बसला, आणि मागोमाग पाणी आलं, हिरवट, भरभरून. पोरं ओरडत त्यात शिरली. म्हाताऱ्या बायकांनी ते डोळ्यांना लावलं. मीसुद्धा लावलं. परतताना माझा पदर ओला होता आणि मला फार बरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात विठा आली. पायरीवर बसली, पण आत येईना.

"बाय, नदी पुढं आली."

मला कळेना यात एवढं वाईट काय. मग तिने सांगितलं. गोण्यांमागे पाणी तुंबत गेलं, वर चढलं, विहिरीत उतरलं, गुरांना मिळालं. आणि कडेची तिची ओळ पाण्याखाली गेली. मग दुसरी ओळ, मग सगळी पट्टी. दिवाळीनंतर नदी कधी पुढे आलीच नव्हती. ती येईल हे तिच्या मनाला शिवलंही नाही. "माज्याच हातानं ओटी भरली की मी तिची," ती म्हणाली.

ती कोंडाजीकडे गेली होती. त्यांचं बोलणं तिने मला दोन्ही आवाजांत करून दाखवलं.

"भावजी, आठ दिस बंद ठेवा. रोपं काढून वर लावते."

"वयनी, मी बंद केला तर विहीर खाली जाईल. बायका मला कळशीनं मारतील."

"मंग थोडा कमी सोडा."

"त्याला दोनच कळा हायेत. चालू आनि बंद. तुज्या सासूनं बसवला असता तर तिसरी ठेवली असती."

"सासूला नावं ठेवू नको. तुझी पन आई होती ती!"

गावात दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नव्हती. पाण्यासाठी वाटेवर बसायला तीच सगळ्यांच्या पुढे होती. मी म्हटलं, "साहेबांना अर्ज लिहून देऊ का? मी लिहिते." तिने मान हलवली. "काय लिहिनार? विहिरीला पानी हाय. पोरी आता डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढत नाय. पानी नको, असा कसा म्हनू मी?"

भोपळ्यात आता मूठभर बी उरलं होतं, आणि त्याचा तिसरा उन्हाळा समोर होता.

तिच्याकडे विकायला पुळणीचं काही नव्हतं, तरी ती येत राहिली, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी नुसती कढीलिंबाची जुडी घेऊन. आमच्या इमारतीला लागून एका नव्या इमारतीचं काम अर्धवट थांबलं होतं. बिल्डरचं काहीतरी भांडण होतं. तिथे रेतीचा एक मोठा ढीग कधीचा पडून होता. जानेवारीतल्या एका दुपारी विठा पाटी घेऊन बाहेर पडली आणि बराच वेळ रस्त्यावर दिसेना. गॅलरीतून पाहिलं तर ती ढिगाशी उकिडवी बसून रेती बोटांतून सोडत होती.

मी खाली गेले. तिच्या तळहातावर नदीतल्या गोगलगाईचा एक पांढरा शंख होता, नखाएवढा.

"आमची हाय," ती म्हणाली.

"अगं, सगळ्या नद्यांत गोगलगाई असतात. कुठल्याही गावची असेल."

"असंल. पन आमची असली तर?"

दुसऱ्या खेपेला येताना तिच्या ओच्याला गाठ होती आणि चाल संथ होती. हाताने थोपटत ती ढिगाच्या सावलीच्या बाजूला बसली आणि खड्डे करायला लागली. वॉचमन धावत आला. "ओ माताजी! ये क्या गाड़ रही हो?"

"काकडी. मेरा रेती हाय, मेरा काकडी लगाती."

"रेती सेठ का है!"

"सेठ को बोल, पहिला मेरा था."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भैया, काम तो बंद ही है।" त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मीठा वाला है कि कड़वा?" विठाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी आणायला गेला.

विठा रोज येऊ शकत नव्हती, म्हणून पाणी घालायचं काम वॉचमनकडे आणि माझ्याकडे आलं. वेल उगवले. थोडेच, पण उगवले. अडचण आली ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची. श्यामकांत काळे बँकेतून निवृत्त झाले होते आणि शिस्तीचे भोक्ते होते. वेलाचा एक तणावा आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढला तसे ते माझ्याकडे आले.

"वहिनी, तो ढीग म्हणजे डासांचं माहेरघर आहे, त्यात आता शेती! उद्या कोणी कोंबड्या पाळेल."

"काळेसाहेब, एक काकडी लागेपर्यंत थांबा."

"आणि मग?"

"मग तुम्हीच सांगा काढायचं की नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी काकडी लागली. पहिली तोडली ती विठाने पदरात गुंडाळून गावी नेली आणि पाइपाच्या पाण्यात सोडली. कोंडाजी शेडमधून बघत होता. दुसरी वॉचमनने खाल्ली. तिसरी मी श्यामकांतांकडे पाठवली, निरोपासकट की मीठ लावायचं नाही. ते डासांबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी सोसायटीचा होज भिंतीवरून पलीकडे जायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "धूळ उडते हो फार. म्हणून पाणी मारतो."

मग बिल्डरचं भांडण मिटलं आणि काम सुरू झालं. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. बी धरायचं तर काकडी वेलावरच ठेवावी लागते, पार पिवळी, जाड होईपर्यंत. ढिगाच्या एका बाजूने घमेली भरली जाऊ लागली. वॉचमनने मजुरांना शपथा घालून वेल नसलेली बाजू आधी उचलायला लावली. श्यामकांतांनी कधी नव्हे ते मुकादमाला चहा पाजला. ढीग एका अंगाने खचत खचत आला, शेवटी दोन वेलांपुरता उरला, भिंतीला टेकलेला. त्यावर एक मोठी पिवळी काकडी होती. विठा आली, तिने ती देठासकट कापली, आणि वॉचमनला म्हणाली, "ने आता तुझ्या सेठची रेती."

त्या एका काकडीतलं बी पुन्हा भोपळ्यात गेलं. पुढच्या हिवाळ्यात विठाने ते पेरलं नाही. पेरायला जागाच नव्हती. ती म्हणायची, तीन उन्हाळे हायेत, बघू.

त्यातला एक उन्हाळा संपला आणि सव्वीस जुलैचा पूर आला. त्या पुराबद्दल इथल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही आहे. विठाच्या घराची मागची भिंत पडली, दोन शेळ्या वाहून गेल्या. ती गावच्या शाळेच्या माडीवर चढली तेव्हा भोपळा फुटला होता आणि बी फडक्यात, तिच्या ओच्यात होतं. रस्ता उघडल्यावर ती माझ्याकडे आली, चिखलाने भरलेली, आणि बसायच्या आधी ओच्याची गाठ सोडायला लागली. ओलीने आणि अंगाच्या उबेने काही बियांना अवेळी मोड आले होते. ते पाहून तिने कपाळावर हात मारला. "बघ, पोराला कळत नाय कवा यायचा!" मोड आलेल्या बिया तिने बाजूला काढल्या. बाकीच्या आम्ही वर्तमानपत्रावर पसरल्या, पंख्याखाली, आणि ती आमच्याकडेच राहिली. दिवसभर एकेक बी उलटत बसायची. तिचं घर पडलं होतं, शेळ्या गेल्या होत्या, आणि ती बिया उलटत मला ह्यांचे रेतीतले खड्डे आठवून हसवत होती.

पुराने कोंडाजीची शेड नेली, पंप नेला. पाइप वाकून एका उंबराला अडकलेला दिसायचा. ठेकेदार परत आला नाही. आणि नदीने वळणावरचे खड्डे भरले. वरून आणलेली रेती, चिखल, झाडांची खोडं, कोणाच्या तरी घराची कौलं, सगळं तिथे टाकून ती मागे गेली. पूर्वीची पुळण नव्हती ती. अरुंद होती, मळकट होती. पण हातभर खणलं की ओल लागत होती.

दिवाळी झाली. मी मुद्दाम गेले. विठा निरगुडीच्या काठ्या रोवत होती. कोंडाजी काठावर उभा होता, हात मागे बांधून. पंप गेल्यापासून त्याला काम नव्हतं.

"वयनी, इकडची बाजू मोकळी हाय."

"हाय की."

"मंग?"

"पट्टी बापय मानसाला देत नाय. सुनेला पाठव."

"शीला? तिला रेतीत पाय घालवत नाय. सँडल घालते."

"सँडल काढता येते."

शीला आली, रविवारी, दुकानाची सुट्टी बघून. विठाने भिजवलेल्या बियांचं फडकं तिच्यापुढे धरलं. शीला म्हणाली, "काकी, मी जीन्सवर आहे. खोवू कुठे?" बराच विचार करून ते तिच्या कमरेला ओढणीने बांधलं गेलं. दोन दिवसांनी पेरायची वेळ आली तेव्हा पहिली ओळ विठाने पाण्याच्या कडेला धरली नाही. चार पावलं मागे येऊन ती थांबली.

शीलाने विचारलं, "इतकी लांब का? तुमीच तर म्हनता नदी पुढे येत नाय."

"आधी यायची नाय," विठा म्हणाली. "आता येते." आणि तिथे खड्डा करायला बसली.

विठा दोन वर्षांपूर्वी गेली, झोपेत, वालाच्या शेंगांच्या दिवसांत. आता मार्चमध्ये पाटी घेऊन शीला येते. पाटी म्हणजे प्लॅस्टिकची बास्केट, आणि जिना चढायच्या आधी ती मला फोन करते. परवा तिने काकड्या माझ्या ताटात ठेवल्या, इकडेतिकडे पाहिलं, जणू काकी दाराआड असावी, आणि हळूच म्हणाली, "आँटी, एक सांगू? याची कोशिंबीर एकदम भारी होते."

मी म्हटलं, "हळू बोल." आणि एक काकडी मोडून नुसतीच खाल्ली.